राणीचे सुवर्णमहोत्सवी नाणे

राजाला आपल्या राज्यातील प्रत्येक गावी जाता येत नाही; पण त्याचे नाणे जाते. ज्या खेडुताने राजवाडा जन्मात पाहिलेला नसतो, त्याच्याही कनवटीला राजाची मुद्रा बांधलेली असते. म्हणूनच नवा राजा गादीवर आला की त्याच्या नावाचे नाणे पाडण्याची चाल बहुतेक सर्व देशांत आढळते. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर आपल्या नावाची नाणी पाडली. त्यांच्या शिवराईवर चेहरा नव्हता. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढी अक्षरे होती, आणि तेवढी पुरेशी होती. युरोपातील राजांना मात्र नाण्यावर आपले मुख हवे असे.

परंतु नाण्याला आणखी एक काम असते आणि ते अधिक निकडीचे असते. नाणे हाती पडताच ते किती किमतीचे आहे, हे घेणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. भाजीवालीला किंवा वाण्याला नाणे न्याहाळीत बसण्यास सवड नसते. इंग्लंडात १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या गौरवार्थ नवी नाणी निघाली, तेव्हा यांपैकी पहिल्या कामाचा फार विचार झाला आणि दुसऱ्याचा थोडा. त्याची झळ कोणाला लागली, ते पुढील हकिकतीवरून दिसेल.

व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी इंग्लंडच्या गादीवर आली. त्या वेळी तिचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. विल्यम वायन नावाच्या कुशल कोरक्याने तिचे मुख कोरले आणि १८३८ पासून ते नाण्यांवर दिसू लागले. केस मागे बांधलेले, त्यांवर फीत, डोक्यावर मुकुट नाही, असे ते सतेज आणि कोवळे मुख होते. वायनची ही कृती इतकी सुरेख होती, की ती बदलावी असे पुष्कळ वर्षे कोणाला वाटले नाही. राणीचे लग्न झाले, तिला नऊ मुले झाली, १८६१ साली तिचे पती प्रिन्स आल्बर्ट वारले, नातवंडे झाली. पण सोन्याच्या सॉव्हरिनवर आणि चांदीच्या शिलिंगवर ती अजून विशीतली मुलगीच राहिली. १८८७ साल उजाडले तेव्हा राणी अडुसष्ट वर्षांची होत आली होती. आजीबाईंच्या राज्यात नातीचे चित्र नाण्यावर चालू आहे, असा तो प्रकार होता.

त्या वर्षी राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. अशा प्रसंगाला इंग्रजीत 'जुबिली' म्हणतात. मूळ शब्द हिब्रू भाषेतील असून तो मेंढ्याच्या शिंगापासून केलेल्या रणशिंगाशी जोडलेला आहे. प्राचीन ज्यू लोकांत दर पन्नासावे वर्ष हे शिंग फुंकून जाहीर करावे, त्या वर्षी दासांना मोकळे करावे आणि गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत द्याव्या, असा धर्मनियम सांगितलेला आहे. पुढे हा अर्थ मागे पडला आणि पन्नास वर्षांचा कोणताही उत्सव जुबिली म्हणून ओळखला जाऊ लागला. आपण त्याला सुवर्णमहोत्सव म्हणतो. पंचवीस वर्षांचा तो रौप्यमहोत्सव आणि साठ वर्षांचा हीरकमहोत्सव.

या निमित्ताने सोन्याची व चांदीची सर्व नाणी नव्या मुखाने पाडावी, असे ठरले. हे काम ज्याच्याकडे आले तो शिल्पकार जन्माने इंग्रज नव्हता. त्याचे नाव जोसेफ एड्गर बोएम. त्याचा जन्म १८३४ साली व्हिएन्ना शहरी झाला. पुढे तो लंडनला येऊन राहिला आणि राणीचा शिल्पकार झाला. मुंबईच्या लोकांना त्याचे नाव ठाऊक नसले, तरी त्याची एक कृती फार परिचयाची आहे. राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, १८७५ साली हिंदुस्थानात आला होता. त्या भेटीचे स्मारक म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा मुंबईला दिला. तो पुतळा बोएमने घडविला होता. काळसर धातूच्या त्या घोड्यावरून मुंबईकरांनी त्या सबंध भागाला 'काळा घोडा' असे नाव दिले; स्वाराला कोणी विचारले नाही! १९६५ साली तो पुतळा तेथून हलविण्यात आला आणि आता तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे; नाव मात्र जुन्या जागेलाच चिकटून राहिले.

तर अशा या नामांकित शिल्पकाराने राणीचे मुख घडविले. नाण्यावरील चित्र एकदम नाण्याच्या आकारात तयार होत नाही. शिल्पकार प्रथम मोठ्या थाळीएवढा नमुना करतो. त्यावरून कोरके पोलादावर लहान ठसा तयार करतात. तो ठसा तापवून, विझवून कठीण केला जातो आणि त्यावरून नाणी पाडण्याचे साचे निघतात. टांकसाळीत धातूच्या लांब पट्ट्या लाटून त्यांतून गोल चकत्या कापतात. एक चकती, तिच्या वर एक साचा, खाली दुसरा साचा आणि भोवती पोलादी कडे. यंत्राचा एक दाब पडला, की दोन्ही बाजूंचे चित्र आणि कडेच्या बारीक रेघा एकाच क्षणी उठतात. बोएमच्या नमुन्यावरून ठसे कोरण्याचे काम लिओनार्ड वायन याने केले. ज्याने राणीचे तरुण मुख कोरले होते, त्या विल्यम वायनचा हा मुलगा. बापाने राणीचे तारुण्य कोरले आणि मुलाने वार्धक्य.

नव्या नाण्यावर राणी प्रौढ दिसत होती. डोक्यावरून मागे सोडलेला विधवेचा झिरझिरीत पदर, गळ्यात हार, खांद्यावरून मानाचा पट्टा आणि माथ्यावर एक चिमुकला मुकुट. या मुकुटानेच सारा घात केला. तो इतका लहान होता, आणि डोक्याच्या अशा टोकाला बसविलेला होता, की राणीने जरा मान हलविली तर तो घरंगळून खाली पडेल असे पाहणाऱ्याला वाटे. नाणी बाहेर पडताच लोकांनी त्यांची थट्टा आरंभिली. वर्तमानपत्रांत टीका झाली, पार्लमेंटातही प्रश्न निघाले.

या थट्टेत थोडा अन्याय होता, हेही सांगितले पाहिजे. तो मुकुट शिल्पकाराच्या कल्पनेतून निघालेला नव्हता. पती वारल्यानंतर राणीने काळा पोशाख आणि विधवेची पांढरी टोपी कधी सोडली नाही. राज्याचा मोठा मुकुट जड, आणि टोपीवर बसणारा नव्हे. म्हणून १८७० साली तिने आपल्यासाठी एक लहानसा हिऱ्यांचा मुकुट करवून घेतला. त्यात ११८७ हिरे होते, तरी त्याची रुंदी जेमतेम ९ सेंटिमीटर होती. हा मुकुट लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेला आहे. बोएमने जे पाहिले तेच घडविले. फक्त, जे राणीच्या प्रत्यक्ष डोक्यावर शोभत होते, ते रुपयाएवढ्या चकतीवर शोभले नाही. गमतीची गोष्ट अशी, की २१ जून १८८७ रोजी महोत्सवाची मिरवणूक निघाली आणि राणी उघड्या गाडीतून वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या प्रार्थनामंदिराकडे गेली, तेव्हा तिच्या डोक्यावर मुकुट मुळीच नव्हता. लोकांनी आणि मंत्र्यांनी आग्रह केला तरी ती साध्या बायकांसारखी बॉनेट घालूनच गेली. त्या दिवशी मुकुट होता तो केवळ नाण्यांवर.

चित्र सुंदर की कुरूप, हा प्रश्न चर्चेचा आहे आणि त्याने कोणाचे पोट बुडत नाही. नव्या नाण्यांतील खरा दोष मुकुटाच्या आकारात नव्हता, तो नाण्याच्या मागल्या बाजूस होता.

तो समजण्यासाठी त्या काळचे इंग्रजी चलन थोडे माहीत असावे लागते. आपल्याकडे १९५७ पूर्वी सोळा आण्यांचा रुपया असे. इंग्लंडात १९७१ पूर्वी बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे. पौंडाचे नाणे सोन्याचे. त्याला सॉव्हरिन म्हणत. आपल्याकडील सोनार त्यालाच गिनी म्हणत आले. त्याच्या निम्म्या किमतीचा अर्धा सॉव्हरिन, म्हणजे दहा शिलिंग, तोही सोन्याचा. त्याखालील क्राउन, फ्लोरिन, शिलिंग, सहा पेन्स, तीन पेन्स ही नाणी चांदीची आणि पेनी ब्राँझची. पेनीवरील चित्र महोत्सवासाठी बदलले नाही. ज्या गरिबाच्या हाती पेनीपलीकडे क्वचितच काही येई, त्याच्यापुरती राणी आणखी काही वर्षे तरुणच राहिली.

आता, महोत्सवाच्या नाण्यांची मागली बाजू शोभिवंत करण्याच्या हौसेने तेथे राजचिन्हांच्या ढाली, मुकुट, राजदंड आणि पट्टे कोरण्यात आले. काही नाण्यांवर पिस्त्रुची या कलावंताने पूर्वी रचलेले, घोड्यावर बसून राक्षसी सर्पाला मारणाऱ्या संत जॉर्जचे चित्र होते. सगळे देखणे होते. मात्र हे नाणे किती किमतीचे आहे, हे सांगणारा शब्द तीन पेन्सांचे चिमुकले नाणे वगळता जवळजवळ कोणत्याही नाण्यावर नव्हता. त्या तीन पेन्सांवर तेवढा '३' हा आकडा मुकुटाखाली ऐटीत बसला होता. एवढेच नव्हे, तर हा महोत्सव कशाचा, किती वर्षांचा, याचाही उल्लेख नाण्यांवर नव्हता. नेहमीप्रमाणे राणीचे नाव, तिची लॅटिन बिरुदे आणि साल.

याच वेळी चांदीचे एक अगदी नवे नाणे काढण्यात आले. त्याचे नाव डबल फ्लोरिन आणि किंमत चार शिलिंग. पाच शिलिंगांचा क्राउन पूर्वीपासून होताच. क्राउनचा व्यास सुमारे ३९ मिलिमीटर आणि डबल फ्लोरिनचा ३६. एका बाजूला दोहोंवर राणीचे तेच मुख, तोच लहान मुकुट. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर फरक कळे. पण गिऱ्हाईक एकच नाणे पुढे करते, शेजारी दुसरे ठेवीत नाही. मद्यगृहांत गर्दीच्या वेळी पेले भरून देणाऱ्या नोकर मुली चार शिलिंगांचे नाणे पाच शिलिंगांचे समजून मोड परत देत. रात्री गल्ला मोजला की एक शिलिंग कमी भरे, आणि तूट आली की मालक बोट दाखवी ते त्या मुलीकडे. लोकांनी या नाण्याला नावच पाडले: 'मद्यगृहातील मुलीचे दुःख'. एका शिलिंगाचे बारा पेन्स होत, आणि पोटासाठी रात्री अपरात्रीपर्यंत उभे राहून काम करणाऱ्या मुलीला ते थोडे नव्हते. नाणे कोणाचेच लाडके झाले नाही. १८९० नंतर ते पुन्हा पाडण्यात आले नाही.

सहा पेन्सांच्या नाण्याची गोष्ट याहून बिकट झाली.

पूर्वीच्या सहा पेन्सांच्या नाण्यावर पानांच्या वेलबुट्टीत 'सिक्स पेन्स' असे शब्द स्पष्ट कोरलेले असत. १८८७ साली ते काढून त्या जागी मुकुटासह राजचिन्हांची ढाल आली. अर्ध्या सॉव्हरिनवरही मुकुटासह राजचिन्हांची ढालच होती. दोन्ही नाण्यांचा व्यास १९ मिलिमीटरच्या आसपास. दोहोंच्या कडेला बारीक रेघा. दोहोंवर राणीचे एकच मुख. फरक काय तो रंगाचा: एक पांढरे, एक पिवळे. आणि रंग तर बदलता येतो.

ठकांना हे कळण्यास वेळ लागला नाही. सहा पेन्सांच्या नाण्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढविला, की ते अर्ध्या सॉव्हरिनसारखे दिसे. अर्धा सॉव्हरिन म्हणजे दहा शिलिंग, म्हणजे एकशेवीस पेन्स. सहाचे एकशेवीस; विसांपट नफा! यात खोटे नाणे पाडण्याची खटपट नव्हती, साचे कोरण्याची मेहनत नव्हती. नाणे सरकारी टांकसाळीतच पाडलेले. फक्त त्याला रंग दिला की झाले.

असे एखादे नाणे एखाद्या दुकानात कसे खपले असेल, हे ताडणे कठीण नाही. संध्याकाळची वेळ, गॅसच्या दिव्याचा पिवळसर उजेड, त्यात चांदीही जरा पिवळीच दिसते. गिऱ्हाईक दोन शिलिंगांचे सामान घेते आणि एक सोनेरी नाणे फळीवर टाकते. दुकानदार राणीचे मुख पाहतो, उलटून ढाल पाहतो, आणि आठ शिलिंग मोड परत देतो. गिऱ्हाईक निघून जाते. सामान दोन शिलिंगांचे, मोड आठ शिलिंगांची; हाती राहिले ते सहा पेन्स. एका व्यवहारात दुकानदाराला साडेनऊ शिलिंगांची खोट बसली.

तो नाणे तोलून पाहता तर फसला नसता. अर्धा सॉव्हरिन जवळजवळ ४ ग्रॅम वजनाचा आणि सहा पेन्सांचे नाणे २.८३ ग्रॅमचे; सोने चांदीपेक्षा पुष्कळ जड असल्यामुळे एवढा फरक पडतो. ज्याच्या दुकानात नाजूक काटा असे तो सावध राहू शके. सराफाकडे काटा असतो. पाव विकणाऱ्याच्या किंवा रस्त्यावर फुले विकणाऱ्या बाईच्या जवळ तो कोठून असणार? ज्यांना तोटा सोसवत नाही त्यांच्यापाशीच नाणे पारखण्याचे साधन नसते, ही या प्रकरणातील बोचणारी बाजू होय.

अधिक नवल असे, की इंग्लंडच्या टांकसाळीला हा अनुभव नवा नव्हता. चौथ्या जॉर्ज राजाच्या काळी, १८२१ साली, अर्ध्या सॉव्हरिनचा एक नमुना सहा पेन्सांच्या नाण्याशी मिळताजुळता झाल्यामुळे मागे घ्यावा लागला होता. १८३१ पासून सहा पेन्सांच्या नाण्यावर 'सिक्स पेन्स' हे शब्द आले होते आणि मधल्या सर्व वर्षांत ते राहिले होते. उत्सवाच्या उत्साहात ते पुसले गेले आणि जुनी अडचण नव्याने उभी राहिली.

सरकारला चूक लवकर उमगली. ढालीचे सहा पेन्स पाडणे त्याच वर्षी बंद झाले आणि १८८७ सालच्याच आकड्याखाली दुसऱ्या प्रकारचे नाणे निघाले. त्यावर पुढे राणीचे नवे मुख होते आणि मागे जुनी वेलबुट्टी व जुने शब्द. त्यामुळे एकाच सालाची सहा पेन्सांची अगदी निराळी नाणी पाहावयास मिळतात.

त्याच वर्षी हिंदुस्थानातही राणीच्याच नावाचा रुपया मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत पडत होता. महोत्सवाचे नवे मुख या रुपयावर आले नाही. त्यावर १८६२ पासूनचेच मुकुटधारी मुख चालू होते आणि राणी १९०१ साली वारली तोपर्यंत ते तसेच राहिले. मागल्या बाजूस वेलींच्या चौकटीत 'वन रुपी इंडिया' असे शब्द आणि साल. दागिन्यासारखा तो रुपया नटलेला नव्हता. पण तो अर्धा रुपया आहे की सबंध, असा घोटाळा कोणाचा होत नसे.

रुपयावर आणखी एक शब्द होता, जो इंग्लंडच्या नाण्यावर नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले आणि त्या सालापासून रुपयावर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आले. लंडनच्या महोत्सवी नाण्यावर मात्र दहा वर्षांनंतरही हिंदुस्थानचे नाव नव्हते. तेथे ती ब्रिटनचीच राणी होती. ज्या देशाच्या जोरावर साम्राज्याचा थाट चालला होता, त्याचा उल्लेख त्याच देशातील नाण्यापुरता ठेवलेला होता.

मुंबईत महोत्सवाच्या खुणा नाण्यांपेक्षा दगडांत अधिक उमटल्या. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाला १८८७ साली राणीचे नाव देण्यात आले. तेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. त्याच वर्षी जुबिलीच्या नावाने निघालेली तंत्रशिक्षणाची संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने चालते. दहा वर्षांनी हीरकमहोत्सव आला. तेव्हा लंडनच्या टांकसाळीने नवी नाणी न काढता सोने, चांदी आणि ब्राँझ यांची स्मारकपदके काढली. पुण्यात त्या वेळी प्लेगने कहर केला होता आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली झालेल्या जुलमाने लोक संतप्त झाले होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतील महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. एकाच महोत्सवाचा दिवस लंडनला एक आणि पुण्याला दुसराच होता.

इंग्लंडात बोएमचे मुख फार काळ टिकले नाही. १८९१ साली सर जॉन लबक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली आणि तिने निरनिराळ्या कलावंतांचे नमुने पाहून थॉमस ब्रॉक याचा नमुना निवडला. बोएम त्या आधीच, १८९० साली, वारला होता. १८९३ च्या नव्या नाण्यांवर राणी म्हाताऱ्या, गंभीर, पदर घेतलेल्या बाईसारखी दिसते. डोक्यावर लहान पण नीट बसणारा मुकुट आहे. बिरुदांत 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही अक्षरेही आली. दुकानदारांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की शिलिंगावर 'वन शिलिंग' आणि फ्लोरिनवर 'वन फ्लोरिन, टू शिलिंग्ज' असे साध्या शब्दांत लिहिलेले होते.

यानंतरही राजांचे महोत्सव झाले आणि त्यांची नाणी निघाली. पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ साली पर्सी मेटकाफ याने संत जॉर्जचे नव्या धाटणीचे चित्र असलेला क्राउन रचला. त्यातील ताठर घोडा पाहून लोकांना मुलांच्या खेळण्यातील डुलणारा लाकडी घोडा आठवला. १९७७ साली दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या रौप्यमहोत्सवाचा क्राउन तर कोट्यवधींच्या संख्येने पाडला गेला. त्याच्यावरही किंमत लिहिलेली नव्हती. पण आता त्याने कोणाचे नुकसान झाले नाही, कारण ते नाणे कोणी बाजारात नेलेच नाही. लोकांनी ते आठवण म्हणून पेटीत ठेवले. तोवर महोत्सवाचे नाणे आणि बाजाराचे नाणे यांच्या वाटा निराळ्या झाल्या होत्या. १८८७ साली त्या एकच होत्या.

ढालीचे ते सहा पेन्स आज दुर्मिळ नाहीत. ते बंद होणार असे कळताच पुष्कळांनी ते जपून ठेवले, आणि नाणी जमविणाऱ्यांना ते आजही बेताच्या किमतीत मिळतात. त्यांच्या संग्रहात अधूनमधून एखादे पिवळसर नाणेही आढळते. ढालीच्या खोलगट भागात सोन्याचा मुलामा अजून टिकलेला असतो. उंचवट्यांवर, राणीच्या गालावर आणि त्या चिमुकल्या मुकुटाच्या टोकावर, तो झिजून आतली चांदी दिसू लागलेली असते.